डबा रिकामा दाखवा

चहा घेण्याआधी बाई कप उलटा करायच्या. स्टाफरूममध्ये बसलेल्या आम्हा सगळ्यांना तो दाखवायच्या, बुडावर टिचकी मारायच्या आणि मगच थर्मासमधला चहा त्यात ओतायच्या. माझा शाळेतला पहिलाच दिवस होता. मी काळजीने विचारलं, "झुरळ आहे का आत?"

"नाही ना? नीट बघितलंत ना? झालं तर मग. साक्षीदार झालात तुम्ही," असं म्हणून त्यांनी शांतपणे चहाचा घोट घेतला.

बाजूच्या गणिताच्या सरांनी माझ्या कानात सांगितलं, की बाईंना इलेक्शन ड्युटी लागलेली आहे. मला वाटलं, येत्या आठवड्यात असेल. ते म्हणाले, "येत्या आठवड्यात नाही हो. वीस वर्षं झाली, अजून उतरलेली नाही."

परळच्या आमच्या शाळेत मी चित्रकला शिकवतो आणि बाई नागरिकशास्त्र शिकवायच्या. दोन्ही विषयांची शाळेत किंमत सारखीच, म्हणजे परीक्षा जवळ आली की आमचे तास गणिताला द्यायचे. मी आनंदाने देऊन टाकायचो. बाई मात्र तास मागायला आलेल्या गणिताच्या सरांना दारातच लेखी अर्ज मागायच्या, आणि अर्ज दिला की तो फेटाळायच्या. फेटाळल्याचं कारणही लेखी द्यायच्या.

निवडणुकीच्या ड्युटीची यादी शाळेत आली की आमच्या स्टाफरूमचा दवाखाना व्हायचा. कुणाची कंबर धरायची, कुणाचं बीपी वर जायचं. माझा मणका तर दर निवडणुकीला न चुकता सरकायचा आणि शीवच्या एका ओळखीच्या डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवर तो पुन्हा जागेवर बसायचा. बाई एकट्याच यादीत आपलं नाव कुठे आहे ते बोट फिरवून शोधायच्या आणि सापडलं की त्याच्याखाली पट्टीने रेघ मारायच्या. त्यांची कापडी पिशवी कायम भरलेली असे. लाख, मेणबत्ती, सुतळी, टाचण्या, स्टीलची पट्टी, आणि ड्युटीच्या दिवशी बंदोबस्ताच्या पोलिसासाठी दोन जास्तीच्या पोळ्या. "त्याला कोण विचारतं हो? सकाळपासून उभा असतो बिचारा," म्हणायच्या.

लालबागच्या त्यांच्या चाळीतही हाच प्रकार. सार्वजनिक सत्यनारायण शनिवारी घालायचा की रविवारी, यावरून मजल्यावर वाद पेटला, तेव्हा बाईंनी सतरा बिऱ्हाडांचं गुप्त मतदान घेतलं. शेजारच्या काकू ओरडल्या, "अगो, पूजाच घालूची हा मा? की मंत्री निवडूचो हा?" पण गेल्या, आणि पडद्यामागे जाऊन खूण करून आल्या. एका मताने रविवार जिंकला. बाईंना शनिवार हवा होता, कारण रविवारी त्यांच्या भाचीचा साखरपुडा होता. निकाल लागला तसं त्यांनी साखरपुड्याला फक्त तोंड दाखवलं आणि परत येऊन अख्ख्या चाळीसाठी शिरा ढवळला. "हरलेल्यानेच जास्त ढवळायचं असतं," असं त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. डब्यातून शिराही आणला होता. वाढण्यापूर्वी माझी बशी उलटी करून दाखवली.

या बाई दर वर्षी सातवीच्या वर्गात मॉनिटरची निवडणूक घ्यायच्या.

इतर शाळांत हल्ली मोबाइलवर बटणं दाबून मतदान होतं. आमच्या हेडसरांनीही तसं सुचवलं होतं. बाई म्हणाल्या, "मोबाइलात डोकं घालून बघता येतं का? माझ्या डब्यात येतं." हा डबा लालबागच्या चिवडा गल्लीतला, चांगला पाच किलो चिवड्याचा, पत्र्याचा. झाकणाला त्यांनी पत्रेवाल्याकडून फट पाडून घेतली होती. कितीही घासला तरी त्याचा कढीपत्त्याचा वास जाईना. त्यामुळे आमच्या शाळेच्या मतपत्रिका उघडताना दर वेळी भूक लागायची.

मतदानाच्या दिवशी एक ठरलेला विधी असे. आधी चाचणी मतदान. प्रत्येक उमेदवाराचा एक प्रतिनिधी, त्याने तीन-तीन चिठ्ठ्या टाकायच्या, त्या सगळ्यांसमोर मोजायच्या, बेरीज जुळली की त्या चिठ्ठ्या काळ्या पाकिटात घालून पाकीट बंद. मग बाई डबा डोक्यावर उलटा धरायच्या आणि बुडावर तीनदा थापा मारायच्या. ढण्, ढण्, ढण्. अख्खा वर्ग ओरडायचा, "रिकामा!" मग प्रतिनिधी एकेक करून डब्यात डोकं घालून यायचे, झाकणाला लाख लागायची आणि ठरलेल्या मिनिटाला बाई पहिली हाक द्यायच्या, "पुढचा!" वेळेच्या बाबतीत त्यांचं दुसरं वेड होतं. मतदान अकराला म्हणजे अकराला.

माझं काम उमेदवारांची चिन्हं काढण्याचं. खऱ्या पक्षांची चिन्हं बंद, त्यामुळे खोडरबर, वडापाव, पाण्याची बाटली असली चिन्हं मी वर्षानुवर्षं रंगवली. एकदा मी लाडीगोडीने म्हणालो, "बाई, खोट्या निवडणुकीला एवढं कशाला?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "खोट्या निवडणुकीत एक तरी गोष्ट खरी पाहिजे. नाहीतर पोरं मतंपण खोटीच देतात."

ती खरी गोष्ट त्या हेडसरांकडून लिहून घ्यायच्या. मी सांगतोय त्या वर्षी, म्हणजे बाईंच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी, ती गोष्ट होती मैदान.

शेजारी टॉवर उभा राहिल्यापासून आमचं मैदान इतकं चिंचोळं झालंय, की एका वेळी एकच खेळ मावतो. मधल्या सुट्टीत ते सातवीचं. आणि सातवीचं म्हणजे कायम मुलांच्या क्रिकेटचं. मुली जिन्याच्या पायऱ्यांवर बसून डबे खायच्या आणि चेंडू आला की परत फेकायच्या. हेडसरांनी सहीशिक्क्यानिशी लिहून दिलं, की निवडून येणारा मॉनिटर मैदानाचं जे ठरवेल ते वर्षभर चालेल.

एवढं झाल्यावर सातवीत जी धुमाळी उडाली ती मी कधी पाहिली नव्हती. ओंकार उभा राहिला, वर्गाचा ओपनिंग बॅट्समन. त्याचं म्हणणं सरळ होतं: मैदान आहे तसं. सिद्धी उभी राहिली. मंगळवार आणि गुरुवार मुलींची खो-खो, बाकी दिवस क्रिकेट. तिसरा पार्थ. त्याने मैदानाबद्दल चकार शब्द काढला नाही, फक्त सोमवारी गृहपाठ बंद करण्याचं आश्वासन दिलं. मी बाईंना म्हटलं, "हे याच्या हातात कुठाय?" त्या म्हणाल्या, "मतदार बघून घेतील. आपण कशाला मध्ये?"

वर्गात मुलगे तेवीस आणि मुली अठरा. सिद्धीला तिच्या मैत्रिणींनीच सांगून टाकलं होतं, "तुझं काय होत नाय बघ." पण ती पोरगी हटली नाही. रोज दोन-दोन मुलांना गाठून समजावायची, "अरे, तुम्हालापण घेऊ ना खो-खोत. पायऱ्यांवर बसून बघ एकदा, कसं वाटतं ते." दोघं-तिघं खरंच बसून पाहून आले. आणि गंमत म्हणजे ओंकारची प्रतिनिधी एक मुलगीच होती. तिचं नाव प्रज्ञा. ती वरळीच्या बीडीडी चाळीतून यायची, ओंकारच्याच मजल्यावरून. तिला खेळायचं नव्हतंच, तिला अंपायर व्हायचं होतं. "मॅच झाली तर अंपायर लागेल ना, सर? खो-खोला कोण विचारतंय," असं तिने मला सांगितलं. तिच्या कंपासपेटीत शिट्टी असायची.

मतदानाचा दिवस ऑक्टोबरमधला, घामाने जीव नको करणारा. चाचणी मतदान झालं. नऊ चिठ्ठ्या बाईंनी टेबलावर मोजून मांडल्या, बेरीज जुळली. एवढ्यात शिपाई सांगत आला, की ऑफिसात बाईंचा फोन आहे, निवडणूक कार्यालयातून. बाई लगबगीने गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "सर, जरा लक्ष ठेवा."

लक्ष ठेवायला मी बसलो आणि घाम पुसत पंखा पाचवर केला. नऊच्या नऊ चिठ्ठ्या वर्गभर उडाल्या. पोरं खिदळायला लागली. मी धावत सगळ्या गोळा केल्या, आणि पुन्हा उडू नयेत म्हणून समोर उघडा दिसला त्या डब्यात टाकल्या. आत्ता बाई येतील, काळ्या पाकिटात घालतील, असं मनात होतं. सकाळपासून मी पिवळ्या रंगात सिद्धीचं चिन्ह, म्हणजे वडापाव, रंगवत होतो. हात धुतले नव्हते. हे मुद्दाम सांगून ठेवतोय.

बाई आल्या त्या वेगळ्याच चेहऱ्याने. घड्याळात अकराला एक मिनिट कमी. त्यांनी घड्याळ पाहिलं, डब्याला झाकण लावलं, लाख वितळवली आणि "पुढचा!" म्हणून हाक दिली. थापा नाहीत, "रिकामा!" नाही. मी तोंड उघडलं होतं. पण पहिला मतदार आत गेला, बोटाला स्टँपपॅडची शाई लागली आणि माझं तोंड मिटलं ते मिटलंच. काय होतंय, लहान मुलांची तर निवडणूक, असं मी स्वतःला समजावलं. आजही त्याची लाज वाटते.

मतमोजणी मधल्या सुट्टीनंतर. बाई एकेक चिठ्ठी उघडून दाखवत होत्या, मी फळ्यावर रेघा ओढत होतो. ओंकार एकवीस, सिद्धी वीस, पार्थ सात. एका मताने! मुलांनी बाकं बडवून काढली, ओंकारला दोघांनी खांद्यावर घेतलं. सिद्धी खाली मान घालून बोटावरची शाई खरवडत बसली होती. बाईंनी निकालपत्रक पुढे सरकवलं आणि प्रतिनिधींच्या सह्या मागितल्या.

पार्थच्या प्रतिनिधीने न वाचता सही केली. सिद्धीच्या प्रतिनिधीने डोळे पुसत केली. प्रज्ञाने पत्रक हातात घेतलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. ओंकार वरून ओरडला, "अगं कर ना सही! जिंकलो ना आपण!"

"थांब रे," ती म्हणाली. मग बाईंकडे बघून म्हणाली, "बाई, इथे लिहिलंय, मतदानापूर्वी डबा रिकामा पाहिला. मी नाय पाहिला. दाखवलाच नव्हता तुम्ही. मी कशी सही करू?"

तिने टेबलावरचं रजिस्टर पुढे ओढलं.

"आणि टोटलपण लागत नाय, बाई. रजिस्टरवर सह्या एकोणचाळीस आहेत. दोघं अॅबसेंट. फळ्यावर अठ्ठेचाळीस झालेत."

ओंकार खांद्यावरून आपोआप खाली उतरला. माझ्या हातातला खडू तसाच राहिला. आता बोलायला हवं होतं आणि मी तेव्हाही बोललो नाही. बाई क्षणभर टेबलाला धरून उभ्या राहिल्या. मग माझ्या हातातून त्यांनी खडू घेतला, फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "चाचणीच्या नऊ चिठ्ठ्या डब्यात राहिल्या. चूक: मतदान केंद्राध्यक्ष," आणि खाली स्वतःची सही केली. तारखेसकट.

गलबला ऐकून हेडसर आले. त्यांनी हिशेब समजून घेतला आणि हसले. "अहो बाई, तीन-तीनच आहेत ना सगळ्यांच्या? तिघांचे तीन-तीन वजा करा. अठरा, सतरा, चार. ओंकार तसाही येतोच. फरक काय पडला?"

"निकालात नाही पडला," बाई म्हणाल्या.

"मग सोडा ना."

"फरक पडत नाही म्हणून चूक चालते, एवढंच ही पोरं माझ्याकडून शिकून गेली तर मी तीस वर्षं काय केलं, सर? उद्या फेरमतदान. अकरा वाजता."

हेडसरांनी माझ्याकडे पाहिलं, तुम्ही तरी समजवा या अर्थाने. मी खिडकीबाहेर पाहिलं.

शाळा सुटायच्या वेळी मी बाईंना स्टाफरूममध्ये एकट्या असताना गाठलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. पंखा, चिठ्ठ्या, डबा. त्या कप पुसत होत्या. म्हणाल्या, "मला माहिती आहे. तिसऱ्या चिठ्ठीलाच कळलं. पिवळा अंगठा होता."

"मग तुम्ही सगळ्यांसमोर माझं नाव का नाही घेतलं?"

"डब्यावर लाख मी लावली. डब्यात जे असेल ते माझं. आणि तुम्ही बोलताय का ते बघत होते. प्रज्ञाला तीन मिनिटं लागली, तुम्हाला तीन तास." मग खुर्चीत बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "पण खरं सांगू? तिसऱ्या चिठ्ठीला कळलं तरी मीही मोजतच राहिले. मनात आलं, जाऊ दे, शेवटचंच वर्ष आहे. ते पोर उठलं नसतं तर मी काय केलं असतं, देव जाणे."

फोनचं तेव्हा कळलं. निवृत्तीला थोडेच महिने राहिलेल्यांना ड्युटी देत नाहीत, म्हणून येत्या निवडणुकीच्या यादीतून बाईंचं नाव काढलं होतं. कळवणाऱ्याला वाटलं, चांगली बातमी देतोय. "अभिनंदन म्हणाला हो मला!" बाई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. मग मात्र एकदम हसायलाच लागल्या. "पण काय उभी राहिली बघा ना पोरगी! जिंकलेल्या पार्टीची! स्वतःचा उमेदवार खांद्यावर आणि ही म्हणते सही नाही करणार! सर, माझं सगळं फिटलं आज." इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता. त्या भरात त्यांनी कप उलटा न करताच चहा ओतला. मी लक्षात आणून दिल्यावर तो परत थर्मासमध्ये ओतला आणि सगळं पहिल्यापासून केलं.

दुसऱ्या दिवशी एक्केचाळीसच्या एक्केचाळीस मुलं हजर होती. गैरहजर असलेल्या दोन मुलींपैकी एक तापातून उठून, कानाला रुमाल बांधून आली होती. चाचणीच्या चिठ्ठ्या काळ्या पाकिटात गेल्या. बाईंनी डबा माझ्या हातात दिला. "तुम्ही दाखवा."

मी डबा डोक्यावर उलटा धरला आणि तीन थापा मारल्या. पोरं अशी ओरडली, "रिकामा!" की खालच्या मजल्यावरून गणिताचे सर धावत वर आले. प्रज्ञाने खांद्यापर्यंत डोकं आत घातलं आणि बराच वेळ काढलंच नाही. बाहेर येऊन म्हणाली, "रिकामा आहे. वास येतोय पण."

सिद्धी एकवीस, ओंकार एकोणीस, पार्थ एक. ते एक मत गुप्त असल्यामुळे कुणाचं ते सांगता येत नाही, पण पार्थने स्वतःच त्याचे आभार मानले. मुलींनी इतका आरडाओरडा केला, की समोरच्या टॉवरच्या बाल्कनीत माणसं आली. ओंकार थोडा वेळ रुसून बसला. मग बाईंनी त्याला बोलावून कानात काहीतरी सांगितलं. मंगळवारी पाहतो तर खो-खोच्या रेघा चुन्याने तोच आखत होता. हरलेल्यानेच जास्त ढवळायचं, हे बहुधा त्यालाही सांगितलं असणार. आणि सिद्धीने पहिला हुकूम काढला तो असा, की दोन्ही खेळांना अंपायर प्रज्ञा. तिची शिट्टी वर्षभर आम्हाला स्टाफरूममध्ये ऐकू यायची. बाई ती ऐकली की कप खाली ठेवायच्या.

त्या वर्षी निवडणुकीच्या ड्युटीची यादी आली तेव्हा माझा मणका जागेवरच राहिला. घरी अँटॉप हिलला बायको म्हणाली, "बरं वाटतंय ना तुम्हाला?" मी ट्रेनिंगला गेलो, वही भरून टिपणं काढली आणि मला केंद्र मिळालं लालबागचं, एका शाळेच्या तळमजल्यावरचं. मतदानाच्या दिवशी पहाटेच जाऊन सगळं मांडलं. बंदोबस्ताच्या पोलिसासाठी मी दोन पोळ्या जास्त नेल्या होत्या.

दार उघडलं तर रांगेत पहिल्या बाई. इस्त्रीची साडी, हातात तीच कापडी पिशवी. इतक्या वर्षांत त्या टेबलाच्या मतदारांकडच्या बाजूला उभ्या राहिलेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं असणार, पण चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. ओळखपत्र पुढे केलं, नाव नीट मोठ्याने उच्चारलं, रजिस्टरवर सही केली. मग टेबलावर वाकून, फक्त मला ऐकू जाईल असं विचारलं, "रिकामं दाखवलंत?"

"दाखवलं, बाई. चाचणीची पन्नास मतं टाकली, मोजली, पुसली. मशीनवर शून्य दाखवलं सगळ्यांना. मशीनमधून पडलेल्या चिठ्ठ्या काळ्या पाकिटात. सह्या घेतल्यात."

"पंखा?"

"बंद ठेवलाय."

बाईंनी डाव्या हाताचं बोट पुढे केलं. मी शाई लावली. "नखावर नुसती नको, कातडीवरपण येऊ दे," त्या म्हणाल्या, आणि मी पुन्हा लावली. त्या आत जाऊन मत देऊन आल्या. शाई वाळावी म्हणून बोट वर धरून दारापर्यंत गेल्या, तिथे थांबल्या, वळल्या, आणि सवयीने खणखणीत आवाजात हाक दिली, "पुढचा!"

रांगेतले आजोबा टोपी सावरत मुकाट्याने पुढे आले.